गच्चीवरील बागेसाठी ठिबक संच : तयार खोका घ्यावा की दुकानातून सुटे भाग?

लातूरमध्ये घरी बाग राखायची म्हणजे आधी पाण्याचा हिशेब आणि मग रोपांची निवड, असाच क्रम लागतो. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या ‘जलदूत’ गाडीच्या १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले आणि पुढे ५० वाघिणींची, म्हणजे २५ लाख लिटरची, गाडी धावू लागली. त्यानंतरच्या चांगल्या पावसाळ्यांत मांजरा धरण भरलेही, परंतु नळाच्या रोजच्या पाण्यावर विसंबून येथे कोणी राहत नाही, आणि आलेले पाणी टाकीत साठवून पुढच्या पाळीपर्यंत पुरवण्याची सवय घराघरांत आहे. अशा घरात हाती पाइप धरून झाडांवर पाणी सोडणे मला पटत नव्हते आणि बाग मोडून टाकणेही पटत नव्हते. म्हणून गच्चीवरच्या चाळीसेक कुंड्या आणि अंगणातील एक लांबट वाफा यांना ठिबक बसवले. प्रथम ऑनलाइन मागवलेला तयार संच वापरला. नंतर शेतीच्या ठिबकाचे साहित्य विकणाऱ्या स्थानिक दुकानातून सुटे भाग आणून दुसरा संच जोडला. दोन्ही संच मराठवाड्याच्या उन्हाळ्यातून गेलेले आहेत.

माझे मत आधीच सांगतो. घरच्या बागेला ठिबक अवश्य करावे, पाणी निश्चित वाचते. मात्र ते टाकीच्या पाण्यावर, पंपाशिवाय चालवायचे असेल तर खोक्यातला तयार संच घेऊ नये. शेतकरी जेथून ठिबक घेतात त्याच दुकानात जावे. या मताचे सारे कारण एका गोष्टीत आहे आणि ती म्हणजे पाण्याचा दाब. खोक्यावर किती झाडांसाठी संच आहे, किती फूट नळी आहे, किती ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडे, आहेत हे ठळक छापलेले असते; संचाला किती दाब लागतो हे बहुधा कोठेच नसते.

ठिबक हे तंत्र मुळात शेताचे आहे. इस्राएलमध्ये सिम्हा ब्लास यांनी विकसित केलेल्या ड्रिपरचे कारखान्यातील उत्पादन १९६६ पासून सुरू झाले, आणि आपल्याकडे जळगावच्या केळीपासून सोलापूरच्या डाळिंबापर्यंत ते आता घरचेच झाले आहे. शेतात विहिरीवर किंवा बोअरवर पंप असतो, त्यामुळे तासाला २, ४ किंवा ८ लिटर अशी जी क्षमता ड्रिपरवर लिहिलेली असते ती साधारण १ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो) दाब गृहीत धरून दिलेली असते. एक किलो दाब मिळवण्यासाठी पाण्याची पातळी ड्रिपरपासून सुमारे १० मीटर, म्हणजे ३३ फूट, उंच असावी लागते. आपल्या गच्चीवरील टाकी कट्ट्यासकट चार-पाच फूट उंच असते. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून दाब एक चतुर्थांश झाला की प्रवाह निम्मा होतो. या नियमाने ४ लिटरचा ड्रिपर दीड मीटर उंचीच्या पाण्यावर तासाला जेमतेम दीड लिटर देतो. यात बिघडत काही नाही, कारण कुंडीला दीड लिटर पुष्कळ होते. पण हे आधी माहीत नसेल तर ड्रिपरमध्ये दोष आहे असे वाटून माणूस नको ते बदल करत बसतो.

तयार संचात एक बारीक काळी नळी, लाल टोपीचे कमीजास्त करता येणारे ड्रिपर, ते मातीत रोवण्याच्या काड्या, तीन-चार प्रकारचे जोड आणि नळाला लावायचा अडॅप्टर एवढे साहित्य होते. खोका नीटनेटका होता, चित्रांसह सूचना होत्या आणि जोडणी एका सकाळी पूर्ण झाली, हे मान्य केले पाहिजे. पहिली अडचण नळाशीच आली. अडॅप्टर आटे असलेल्या नळासाठी होता आणि आपल्याकडील पुष्कळ नळांच्या तोंडाला आटे नसतात. त्यावर तोड निघाली, परंतु पुढची अडचण रचनेतच होती. या संचात मुख्य नळीही ४ मिमी आतील व्यासाचीच असते आणि एकामागून एक कुंड्या तिच्यावर ओवलेल्या असतात. एवढ्या बारीक नळीत घर्षणाने दाब झपाट्याने उतरतो, आणि टाकीचा दाब मुळातच थोडा असल्यामुळे पहिल्या सात-आठ कुंड्यांना भरपूर पाणी मिळते, मधल्यांना थेंब आणि शेवटच्या रांगेला काहीच नाही. लाल टोप्या पिळून प्रवाह सारखा करता येतो असे सूचनांत म्हटले आहे, पण एक टोपी आवळली की शेजारच्या चार कुंड्यांचा प्रवाह बदलतो, आणि टाकीतील पातळी खाली गेली की सगळी जुळवाजुळव पुन्हा विस्कटते. पहिल्या कुंड्यांतून ओसंडून वाहणारे पाणी पाहिले की हा संच पाणी वाचवतो असे म्हणवत नाही.

त्या संचासोबत बॅटरीवर चालणारा टायमरही घेतला होता. टायमरचे दोन प्रकार असतात आणि विकताना तो फरक क्वचितच सांगितला जातो. एका प्रकारात पडद्याचा सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा, व्हॉल्व्ह असतो. त्याला उघडण्यासाठी नळात पुरेसा दाब असावाच लागतो, त्यामुळे टाकीच्या अल्प दाबावर तो नीट उघडत नाही. दुसऱ्या प्रकारात मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह असतो आणि तो दाब नसतानाही चालतो. टाकीच्या पाण्यासाठी घ्यायचाच असेल तर हा दुसरा प्रकार घ्यावा. तरीही माझा सल्ला टायमर न घेण्याचा आहे. व्हॉल्व्ह उघडा असताना बॅटरी संपली, तर घराच्या पुढच्या पाळीपर्यंतचे पाणी एका रात्रीत झाडांखालून वाहून जाऊ शकते. जेथे चोवीस तास पाणी येते तेथे ही केवळ गैरसोय ठरेल. आमच्यासारख्या शहरात मात्र घरातल्या स्वयंपाकापर्यंत तिची झळ पोहोचते.

आता दुकानाविषयी. अशी दुकाने मराठवाड्यात जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या आसपास आढळतात. बाहेर काळ्या नळ्यांची वेटोळी रचलेली असतात आणि आत फळ्यांवर जोडांचे डबे. चाळीस कुंड्यांचे गिऱ्हाईक तेथे किरकोळच समजले जाणार, असे मनात होते. प्रत्यक्षात काउंटरवरच्या गृहस्थांनी कुंड्या किती हे विचारण्याआधी “टाकी किती फुटांवर आहे, ते सांगा” असे विचारले, आणि त्या एका प्रश्नावरून येथे योग्य वस्तू मिळणार याची खात्री पटली. दाब नियंत्रित ड्रिपर चांगले असतात असे ऐकून ते मागितले, तर त्यांनी ते देण्यास नकार दिला. हे ड्रिपर प्रवाह सारखा ठेवतात हे खरे, पण त्यांच्यातील रबरी पडदा काम करू लागण्यासाठी साधारण अर्धा किलो दाब लागतो. गच्चीवरील टाकी तो देऊ शकत नाही. महागडी वस्तू मागणाऱ्याला स्वस्त वस्तू देणारा दुकानदार आदरास पात्र आहे. गर्दीच्या हंगामात, म्हणजे ऊस लागवडीच्या दिवसांत, तेथे उभे राहायला जागा नसते आणि घरगुती गिऱ्हाइकाला थांबावे लागते, एवढे एक लक्षात ठेवावे. घरबागेला अनुदान मिळेल का असेही काही जण तेथे विचारतात. ठिबकाचे सरकारी अनुदान शेतीसाठी आहे, घरबागेसाठी नाही.

दुसऱ्या संचात १६ मिमीची लॅटरल (शेतात पिकाच्या ओळीने टाकतात ती नळी) मुख्य नळी म्हणून गच्चीच्या कठड्यालगत फिरवली आणि तिला जागोजाग भोक पाडून प्रत्येक कुंडीसाठी एकेक बटण ड्रिपर, म्हणजे नळीत टोचून बसवायचा बटणाएवढा ड्रिपर, आणि त्याला हातभर मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळी, जोडली. जाड नळीत एवढ्याशा प्रवाहाला घर्षण जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या कुंडीला मिळणाऱ्या पाण्यात डोळ्यांना दिसेल असा फरक राहिला नाही. अंगणातल्या वाफ्यासाठी ड्रिपर आतच बसवलेली इनलाइन नळी घेतली. वांगी, मिरची, पालेभाजी यांना ३० ते ४० सेंटिमीटर अंतराची चालते. भोक पाडण्यासाठी दुकानातूनच पंच घ्यावा. तापवलेल्या खिळ्याने पाडलेले भोक वेडेवाकडे होते आणि तेथून कायम गळत राहते. बटण ड्रिपरही उघडता येणारेच मागावेत, त्याचे कारण पुढे येईल.

पाणी किती पडते हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. ड्रिपरखाली मापाचा पेला सहा मिनिटे ठेवावा आणि जमलेल्या मिलिलिटरला दहाने गुणावे, म्हणजे तासाचा प्रवाह निघतो, कारण सहा मिनिटे हा तासाचा दहावा भाग. या रीतीने गच्चीवर तासाला दीड लिटरच्या आसपास आणि अंगणात, जेथे टाकीची पातळी सुमारे साडेपाच मीटर उंच राहते तेथे, अडीच ते तीन लिटर प्रवाह मिळाला. हिशेबाने येणाऱ्या आकड्यांशी हे जुळते. टाकी भरलेली आहे की उतरलेली याचा परिणाम मात्र दोन ठिकाणी फार वेगळा होतो. गच्चीवर पाण्याची उंची दीड मीटरवरून अर्ध्या मीटरवर आली की प्रवाह जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो. अंगणात तीच एक मीटरची घट दहा टक्क्यांच्याही आत राहते. म्हणून गच्चीचे ठिबक टाकी भरल्यानंतर चालवावे आणि अंगणाचे केव्हाही. याहून चांगली व्यवस्था म्हणजे गच्चीसाठी विटांच्या कट्ट्यावर शंभर लिटरचा वेगळा ड्रम ठेवणे. त्यात त्या दिवसाचे पाणी भरावे, कॉक उघडावा आणि आपल्या कामाला जावे. कॉक बंद करायचा राहिला तरी ड्रममधल्या पाण्यापलीकडे थेंब जात नाही. शंकराच्या पिंडीवरचे अभिषेकपात्र जसे भरलेल्या पाण्याइतकेच ठिबकते, तसे हे चालते, आणि टायमरची गरजच उरत नाही.

पाइपने घालताना गच्चीवर जेवढे पाणी लागत असे त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात आता कुंड्या भागतात. ही बचत ड्रिपरइतकीच मातीवर अवलंबून आहे, हे मात्र कोणत्याही खोक्यावर लिहिलेले नसते. अंगणातील काळ्या जमिनीत थेंब पडला की ओल आडवी पसरते आणि एका ड्रिपरने वीतभर परीघ सहज भिजतो. कुंडीत आपण कोकोपीट, गांडूळखत आणि तांबडी माती यांचे भुसभुशीत मिश्रण भरतो. त्यात पाणी आडवे न जाता सरळ खाली उतरते, एका बाजूची मुळे भिजतात आणि दुसरी बाजू कोरडी राहते. मोठ्या कुंडीला, विशेषतः लिंबू किंवा डाळिंबाच्या ड्रमला, म्हणूनच समोरासमोर दोन ड्रिपर द्यावेत, आणि सलग तासभर पाणी सोडण्यापेक्षा सकाळी अर्धा तास व संध्याकाळी अर्धा तास असे विभागून सोडावे. कुंडीच्या तळातून पाणी बाहेर येऊ लागले की त्या दिवशीची वेळ जास्त झाली असे समजावे. वरून नारळाच्या शेंड्यांचा किंवा उसाच्या पाचटाचा तीन बोटे थर दिला, तर एप्रिल-मेच्या वाऱ्यात उडून जाणारी ओल टिकते. ठिबक करून मातीचे तोंड उघडे ठेवणे म्हणजे अर्धेच काम करणे आहे, आणि पाचट तर आमच्या जिल्ह्यात मागाल तेवढे मिळते.

ड्रिपर तुंबणे ही दोन्ही संचांची सामाईक व्याधी आहे. तयार संचात फिल्टर नव्हताच. दुकानदाराने मात्र फिल्टर घेतल्याशिवाय नळी देणार नाही अशाच थाटात तो पुढे ठेवला, आणि ते योग्यच होते. टाकीच्या तळाचा गाळ, टँकरच्या पाण्यातील बारीक रेती आणि शेवाळाचे तंतू अडवण्यासाठी १२० मेशचा (म्हणजे इंचाला १२० छिद्रांचा) छोटा जाळीचा फिल्टर पुरतो. आठवड्यातून एकदा जाळी काढून ब्रशने धुवावी आणि त्याच वेळी नळीच्या टोकाची टोपी उघडून मिनिटभर पाणी वाहू द्यावे. हे वाहिलेले पाणी बादलीत धरून एखाद्या झाडाला घालता येते. बोअरच्या पाण्याचा त्रास निराळा असतो. त्यातले क्षार जाळीतून पार होतात आणि ड्रिपरच्या तोंडाशी, जेथे थेंब सुकतो तेथे, पांढरा थर धरतात. शेतकरी यासाठी नळ्यांतून आम्ल सोडतात. घरी तसे काही करू नये. ड्रिपर उघडून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले आणि सकाळी स्वच्छ पाण्याने धुतले की मोकळे होतात. उघडता न येणारा ड्रिपर अशा वेळी फेकूनच द्यावा लागतो. मायक्रोट्यूब शक्यतो काळीच घ्यावी. पारदर्शक नळी दिसायला सुबक असते, पण तिच्यातून ऊन आत जाते आणि शेवाळ धरते.

उन्हाळ्यात खारी पाण्यासाठी नळ्या कुरतडतात. शेतात शिवारभर हीच तक्रार ऐकू येते आणि त्यावरचा शेतकऱ्यांचा उपायच गच्चीवरही लागू पडला : नळीपासून दूर सावलीत पाण्याचे एक उथळ भांडे भरून ठेवावे. कुरतडणे थांबत नाही, पण खूप कमी होते, आणि पक्ष्यांचीही सोय होते.

याच दुकानातून नळाच्या तोंडाला बसवायच्या एरेटरच्या जाळ्याही आणल्या होत्या, त्यांच्याविषयी थोडक्यात. साध्या नळातून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी पडते आणि ही जाळी ते ३ ते ६ लिटरवर आणते. हात धुण्याच्या बेसिनला आणि भांडी घासण्याच्या नळाला ती लावावी, कारण तेथे पाणी वाहत असते. बादली भरण्याच्या नळाला लावून काहीही वाचत नाही. बादलीला तेवढेच पाणी लागते, फक्त वेळ वाढतो. येथेही दाबाचा प्रश्न आहेच. वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली असलेल्या नळाला ३ लिटरची जाळी लावली तर धार अगदीच बारीक होते, तेथे ६ लिटरची घ्यावी.

स्वयंपाकघरातील पाणी ठिबकात सोडण्याचा मोह मात्र टाळावा. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी झाडांना उत्तम, पण त्यातील पिठूळपणाने फिल्टर तासाभरात तुंबतो. ते तांब्यानेच घालावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी, जे पिण्याच्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पटही असते, क्षारयुक्त असल्याने कुंड्यांना रोज घालू नये. फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ते चालते, आणि तेवढ्यासाठीचे स्वच्छ पाणी टाकीत उरते, जे झाडांच्या वाट्याला देता येते.

खर्चाचा विचार केला तर तयार संचाला आणि सुट्या भागांना जवळपास सारखाच, हजार-बाराशे रुपयांच्या घरात, खर्च आला. टायमरचे पैसे वेगळे. सुट्या भागांत निम्मी रक्कम फिल्टर आणि कॉक यांची होती. ड्रिपर काही रुपयांना एक मिळतो, त्यामुळे दहा-पंधरा जास्तीचे घेऊन ठेवावेत. ज्यांच्या सदनिकेत प्रेशर पंप आहे, किंवा इमारतीची टाकी सात-आठ मजले वर आहे आणि बाल्कनीत दहा-बारा कुंड्याच आहेत, त्यांनी तयार संच घेण्यास हरकत नाही. तेथे दाब पुरेसा असतो आणि बारीक नळीची लांबीही थोडीच राहते. मात्र फिल्टर त्यांनीही वेगळा घ्यावा.

पावसाळ्यात गच्चीचा संच उतरवून ठेवणे बरे. नळीची टोके उघडून पाणी पूर्ण निथळू द्यावे, ड्रिपर व्हिनेगरमधून काढून कोरडे करावेत आणि नळीचे सैल वेटोळे करून सावलीत टांगावे, कारण घडी पडलेली नळी तेथेच चिरते. परतीचा पाऊस गेला, गुलाबाच्या छाटणीचे दिवस आले, की पुन्हा जोडताना आधी फिल्टर धुवावा, टोपी न लावता नळीतून पाणी सोडून द्यावे, आणि मगच ड्रिपर बसवावेत.